माळवदावरची माती

मिलानहून पावियाला जाणारी लोकल शहराच्या शेवटच्या इमारती मागे टाकते आणि, दिवस एप्रिल-अखेरचे असले तर, खिडकीबाहेर दोन्ही अंगांना पाणीच पाणी दिसू लागतं. नवख्या माणसाला पूर आल्याचा भास होतो. मग त्या पाण्यातल्या बांधांच्या आखीव रेषा दिसतात, बांधांवरचे स्तब्ध बगळे दिसतात, आणि ही भाताची खाचरं आहेत हे सावकाश ध्यानात येतं. इटली म्हटलं की आपल्याला द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हच्या टेकड्या आठवतात. पण पाविया हा युरोपातला एक मोठा भातपट्टा आहे. आल्प्सवरून उतरणारं पाणी कालव्यांतून वळवीत आणून सपाट रानात उभं करण्याची विद्या इथे शतकानुशतकं मुरली आहे. मिलानपासून रस्त्याला बिलगून येणारा नाविल्यो पावेझे हा कालवा 1819 साली पुरा झाला, आणि दोनशे वर्षं उलटली तरी त्याचं पाणी रानाला पोचतंच आहे.

मराठवाड्यातल्या मुखेडकडच्या मुलाला अशा पाण्याकडे निवांतपणे बघता येत नाही. आमच्याकडे पाणी एकतर नसतं, नाहीतर रात्री-अपरात्री एकदमच येतं. लेंडी नदीवरच्या आंतरराज्य धरणाच्या गोष्टी ऐकत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. बुडीत क्षेत्र, मावेजा, पुनर्वसन हे शब्द मी बाराखडीच्या जोडीने शिकलो. 2025 च्या ऑगस्टात एका रात्रीत पाणी हसनाळ, रावणगावकडच्या वस्त्यांत शिरलं, माणसं गेली, जनावरं गेली, आणि मी पावियातल्या एका खोलीत फोनच्या पडद्यावर ओळखीचे पत्रे आणि ओळखीची झाडं शोधत बसलो होतो. दूर शिकायला गेलेल्याला गावाचं दुःख वेळेवर कळतं. फक्त त्याचा हात कुठे लागत नाही.

तालुक्याच्या शाळेतून लातूर, लातूरहून नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि तिथून पुणे किंवा हैदराबाद ही आमच्या भागातल्या मुलांची मळलेली पायवाट. इटली या वाटेवर येत नाही. पण भूकंप-अभियांत्रिकी शिकायची तर पावियाचं नाव निघतंच, आणि इटलीतल्या प्रादेशिक शिष्यवृत्त्या गुणांपेक्षा घरच्या ऐपतीकडे आधी बघतात हेही कुणीतरी सांगितलं. मग सुरू झाली कागदांची वारी. तहसीलमधून काढलेला उत्पन्नाचा दाखला, घराचा उतारा, त्यांची इटालियन भाषांतरं, त्यांवर शिक्के, शिक्क्यांवर आणखी शिक्के. पावियात पोचल्यावर शिष्यवृत्तीच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, घर किती चौरस मीटर? तिथल्या हिशेबात परदेशातल्या घराची किंमत सरसकट दर चौरस मीटरला 500 युरो धरतात. दगड, माती, शेणसारवण, दारावरचं घोड्याच्या नालाचं लोखंड आणि आजीनं भिंतीत बसवलेल्या देवळ्या, या सगळ्यांना एक सरकारी भाव लागला, आणि तो आमच्या गावातल्या कुठल्याही भावापेक्षा जास्त होता. आयुष्यात पहिल्यांदाच आमचं घर कुणीतरी महाग ठरवलं याची मला गंमतही वाटली आणि का कोण जाणे, थोडं भरूनही आलं.

पाविया हे शिकणाऱ्यांचं गाव. विद्यापीठ 1361 चं. त्याच्या एका चौकात आलेस्सांद्रो व्होल्टाचा पुतळा आहे, कारण विजेची बॅटरी शोधणारा हा माणूस इथे शिकवत असे. दुपारी दुकानांची शटरं खाली येतात आणि रस्ते ओस पडतात, तेव्हा वैशाखातल्या आमच्या बाजारपेठेची आठवण येते. नोव्हेंबरात तिचिनो नदीवरून धुकं उठतं आणि दिवसचे दिवस हटत नाही. अंगाला चिकटणारं, आवाज गिळणारं धुकं. शिष्यवृत्तीच्या कार्डावर मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीत, जेवण मिळतं: आधी पास्ता किंवा भात, मग दुसरा पदार्थ, सोबत भाजी आणि पाव. भाकरी नाही. गंमत अशी की पो नदीच्या खोऱ्यात ज्वारी पिकते, पण ती जनावरांसाठी. परीक्षा बहुधा तोंडी असतात. तीसपैकी गुण, अठराला उत्तीर्ण, आणि मिळालेले गुण मनास आले नाहीत तर विद्यार्थी नम्रपणे नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो. गुणपत्रिकेला देवघरात ठेवणाऱ्या लातूरच्या शिकवण्यांतून गेलेल्या मला ही मुभा पचायला फार वेळ लागला.

विद्यापीठाच्या मागच्या बाजूला तीन उंच जुने बुरूज उभे आहेत. मध्ययुगात या गावात असे कितीतरी होते. पण लोक बोलतात ते नसलेल्या मनोऱ्याविषयी. कॅथेड्रलच्या शेजारी जवळपास 78 मीटर उंचीचा नगर-मनोरा होता. 17 मार्च 1989 च्या सकाळी, भूकंप नाही, वादळ नाही, काही नाही, तो उभ्या जागी कोसळला. चार माणसं दगावली. मनोरा अकराव्या शतकापासून चढत गेलेला, आणि सोळाव्या शतकात त्याच्या डोक्यावर दगडी घंटाघर बसवलं गेलं. त्या वजनाखाली खालची भिंत शेकडो वर्षं कणाकणाने दबत, आतून चिरत राहिली, आणि एके दिवशी तिचं सोसणं संपलं. आज तिथे बुंधा तेवढा आहे. आम्हाला शिकवणारे तिथे घेऊन गेले तेव्हा फार काही बोलले नाहीत. भिंत दगडाची असली तरी तिलाही थकवा असतो, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी जुन्या गल्ल्यांतून फिरताना एक गोष्ट दिसू लागली, आणि दिसू लागल्यावर दिसतच राहिली. घरांच्या दर्शनी भिंतींवर, मजल्याच्या पातळीला, लोखंडाच्या फुल्या, वाकडे आकडे किंवा साध्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. मी त्यांना नक्षी समजत होतो. घरमालकीणबाईंनी सांगितलं की आतून आरपार लोखंडी सळई गेलेली असते आणि समोरासमोरच्या दोन भिंतींना ती धरून ठेवते. बाहेर दिसतं ते तिचं टोक. त्यांच्या स्वतःच्या घरात ही सळई त्यांच्या आजोबांच्याही आधीची होती आणि ती जेवणाच्या टेबलावरून, डोक्याच्या वर, उघडीच जाई. तिच्यावर त्या लसणाच्या माळा टांगत.

आमच्या वर्गात नेपाळचा मुलगा होता, इराणची मुलगी होती, एक तुर्कस्तानचा, एक पेरूचा. ओळखी करून देताना प्रत्येकाच्या नावामागून एक तारीख आली. नेपाळच्या मुलाची 25 एप्रिल 2015. इराणच्या मुलीची बाम शहराची, 26 डिसेंबर 2003. तुर्कस्तानच्याची 17 ऑगस्ट 1999, पहाटे तीन वाजून दोन मिनिटं. मी किल्लारी म्हणालो, आणि गुरुजींनी मान हलवली. ते गाव त्यांना ठाऊक होतं. लातूरच्या बाहेर कुणाला आपलं दुःख माहीत असेल असं आपल्याला वाटत नाही. पण दगडमातीची घरं माणसं कशी मारतात हे शिकवायचं तर जगभर किल्लारीचं उदाहरण द्यावं लागतं.

मग ते म्हणाले, आपापल्या आजीच्या घराचा छेद काढा. पाया, भिंत, छत, सगळं मापासकट. त्या तासाभरात वर्गात विलक्षण शांतता होती. मी काढलं ते आमचं घर: ढाळज, चौक, मधली सोप्याची खोली, दोन हातांहून रुंद दगडी भिंत, मातीच्या गिलाव्यात रचलेली, तुळया, तुळयांवर किलच्या, त्यांवर पाला, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. गुरुजी माझ्या कागदाजवळ थांबले आणि त्यांनी एकच विचारलं: ही माती एवढी जाड कशी झाली?

उत्तर आमच्या गावातल्या कुठल्याही पोरानं दिलं असतं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर नवी माती टाकतात, म्हणजे गळत नाही. जुनी माती कुणी उतरवत नाही. बापानं टाकली, आजोबानं टाकली, पणजोबानं टाकली. थर चढत जातो. उन्हाळ्यात तोच थर घर थंड ठेवतो, त्याच्यावर आपण झोपतो, चांदण्या मोजतो, पापड-कुरडया वाळवतो. आपल्या सुखाचं ओझं आपल्याच डोक्यावर चढतंय हे खालून कळत नाही.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी जन्मलो नव्हतो. तरी ती रात्र मला आठवते म्हणालो तर खोटं होणार नाही, इतक्यांदा ती ऐकली आहे. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा आडवी झाली आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता साधारण 6.2. लातूर-उस्मानाबादेत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या आमच्या गावात उतरंडी खणखणल्या, गुरं हंबरली, आणि माणसं अंगणात येऊन बसली ती कित्येक रात्री आत गेली नाहीत. भूकंपाच्या नकाशावर हा सगळा मुलूख तेव्हा सर्वांत निर्धोक पट्ट्यात रंगवलेला होता. 2002 साली नकाशा बदलला आणि तो सर्वांत निर्धोक म्हणवणारा पट्टाच त्यातून पुसला गेला.

जमिनीनं माणसं मारली नाहीत, घरांनी मारली. भिंत बाहेरून एकसंध दिसे; प्रत्यक्षात त्या दोन भिंती होत्या, एक आतली, एक बाहेरची, मध्ये खडी-मातीची भर. दोन्हींना धरणारा आरपार दगड गवंड्यांनी क्वचितच घातला होता. हादरा बसताच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि वरची मणावारी माती झोपलेल्यांवर आली. जिथे छत भिंतीवर न टेकता लाकडी खांबांच्या खणांवर तोललेलं होतं, तिथे अनेकदा भिंती ढासळल्या तरी छत उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. म्हणजे उत्तर त्याच गावात, त्याच गल्लीत, शेजारच्या घरात होतं.

पावियाच्या यूसेंटर या संस्थेत अशाच दोन पदरी भिंतींची, खऱ्या मापाची, दोन मजली दगडी घरं बांधून ती एका प्रचंड यांत्रिक मंचावर हलवून पाहिली गेली आहेत. एक घर जुन्या पद्धतीचं, जसंच्या तसं. दुसऱ्यात छत आणि भिंती एकमेकांना नीट बांधून घेतलेल्या. दगड तेच, गवंडीकाम तेच. पहिलं उघडं पडलं; बांधलेल्यानं कितीतरी मोठा हादरा सोसला. ती चित्रफीत बघताना शेजारी नेपाळचा मुलगा बसला होता. दिवे लागल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ उठलो नाही.

सुट्टीत मी दक्षिणेकडे निघालो. वाटेत उंब्रियात मोंतोने नावाचं टेकडीवरचं छोटं गाव लागतं. तिथे 2023 साली गावकऱ्यांनी एका मराठी माणसाच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं आहे. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा पायदळातले. 10 जुलै 1944 ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते जिंकलं आणि तिथेच पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. कबर माहीत नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. आमच्या आधी इटलीत आलेली मराठी मुलं अशी आली होती, दगडमातीच्या घरांतून निघून परक्यांच्या दगडी घरांसाठी लढायला. मी पाठीवर पिशवी आणि खिशात शिष्यवृत्तीचं कार्ड घेऊन त्या घड्याळापाशी उभा होतो. आपल्या वाट्याला आलेला काळ किती सौम्य आहे, याची लाज नव्हे, पण जाणीव झाली.

पुढे लाक्विला. तिथला भूकंप 6 एप्रिल 2009 चा, पहाटे 3 वाजून 32 मिनिटं, 309 माणसं. आदला दिवस ईस्टरच्या आधीचा पवित्र रविवार होता. इथेही सण नुकता उलटला होता, माणसं झोपेत होती. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची एक बाजू कोसळून आठ मुलं गेली. ती इमारत दगडमातीची नव्हती, सिमेंट-लोखंडाची होती. आमच्याकडे स्लॅब पडला की माणूस निश्चिंत होतो. त्या जागेपुढे उभं राहिलं की ही निश्चिंती टिकत नाही.

भूकंपानंतर काही महिन्यांतच शहराबाहेर 19 ठिकाणी 185 इमारती उभ्या राहिल्या, भूकंपाचा हादरा वर पोचू नये अशा आधारांवर तोललेल्या. त्यांत पावियाच्या यूसेंटरचा मोठा हात होता. काम अचाट, यात शंका नाही. पण तिथल्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये बोलणं झालं, तेव्हा ते घराबद्दल नव्हे, चौकाबद्दल बोलत राहिले. घर उत्तम आहे, ऊब आहे, पण खाली उतरलं की कुणी भेटत नाही, असं काहीसं. मला किल्लारीकडची नवी गावं आठवली. 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, ओळीत घरं, आणि ढाळज कुठेच नाही. जुन्या गल्लीत दारात बसलेल्या बाईला समोरची बाई दिसे. नव्या रस्त्यावर हाक पोचत नाही. माणूस वाचवणं पहिलं, याबद्दल वाद नाही. तरीही, वाचलेल्या माणसाला बसायला ओटा लागतो.

जुन्या घरात मरणं आणि नव्या जागी परकं होणं, या दोन टोकांच्या मध्ये नोर्चा आहे. तटाच्या भिंतीआडचं लहानसं गाव. 1859 च्या भूकंपानंतर तिथल्या राजवटीनं घरांची उंची आणि बांधणी नियमांनी आवळली, आणि 1979, 1997 च्या भूकंपांनंतर पुन्हा जुन्याच भिंती बांधून-जोडून घट्ट केल्या गेल्या. 24 ऑगस्ट 2016 च्या पहाटे जवळचं अमात्रीचे जमीनदोस्त झालं आणि त्या भूकंपात 299 माणसं गेली. नोर्चात एकही गेलं नाही. दोन महिन्यांनी त्याहून मोठ्या धक्क्यात तिथल्या संत बेनेदेत्तोच्या बासिलिकेचा दर्शनी भाग उभा राहिला, बाकीची बहुतेक इमारत कोसळली, पण माणसं वाचली. गावानं आपली जागा सोडली नव्हती, दगडही टाकून दिला नव्हता. प्रत्येक धक्क्यानंतर काहीतरी लक्षात ठेवलं होतं, एवढंच.

आमच्याकडेही हे झालं नाही असं नाही. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीनं दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि बळकटी झाली. भिंतींत आरपार दगड बसवणं, वरून पट्टी फिरवणं, छताची माती कमी करणं हे सगळं त्या वेळी सांगितलं, शिकवलं गेलं. मुखेडच्या दशरथेश्वराच्या देवळात तर चुना न वापरता दगडात दगड अडकवून शेकडो वर्षं भार तोलला आहे. त्याच्या सुरसुंदरी पाहायला लोक येतात, सांधे कुणी पाहत नाही. विद्या होती आणि आहे. पण आठवण पिढीगणिक पातळ होत जाते आणि माती मात्र जाड होत जाते.

आजीला मी रविवारी फोन करतो. एकदा तिनं विचारलं, "तिकडल्या भिती कशाच्या हायेत रे लेकरा?"

"दगडाच्याच, आजी."

"मग इतक्या लांब कामून गेलास?"

मी तिला सळईचं सांगितलं, छताखालून चहूबाजूंनी फिरवायच्या पट्टीचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे चाकाला धाव बसवल्यागत." आमच्या अभ्यासक्रमातली कितीतरी पानं त्या वाक्यात मावली. मग तिनं जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

परदेशी जाऊन आपण नवं काही शिकतो असा समज आहे. मला तिथे जे मिळालं ते बरंचसं जुनंच होतं. फक्त ते मन लावून बघायची सवय मिळाली. ही सवय महाग आहे, पण ती वापरायला पदवी लागत नाही. म्हणून मराठवाड्यात ज्यांची माळवदाची घरं अजून उभी आहेत त्यांना एक विनंती. या उन्हाळ्यात नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा आणि वीतभरच थर राहू द्या. गळण्याची भीती असेल तर मातीखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा. भिंतीला बाहेरून पोट आलेलं दिसलं तर थांबू नका, जाणत्या गवंड्याला बोलावून आरपार दगड बसवून घ्या, आणि चारी भिंती छताच्या पातळीला एकमेकींना बांधून घ्या. खर्च नव्या घराच्या मानानं थोडा आहे. पाडायची घाई मात्र करू नका; ते घर वाईट नाही, त्याला फक्त कुणी बांधून घेतलेलं नाही.